जामच्या फाट्यावर विचारलेला प्रश्न

त्या वर्षी मी रोज सकाळी मारुतीला तेल घालत होतो आणि रोज त्याच्याशी खोटं बोलत होतो. देवळीच्या आमच्या आखाड्यात कुस्तीच्या मातीलगतच मारुतीची शेंदरी मूर्ती होती. तालीम सुरू होण्याआधी वस्ताद आम्हा सगळ्यांना तिच्यापुढे उभं करीत. अंगात जे येईल ते मेहनतीनं येईल, असं हात जोडून म्हणायचं, अशी त्यांची शिस्त. मी ते सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात म्हणत असे, आणि घरी येऊन दुधाबरोबर गोळी गिळत असे.

नागपूरला कुस्त्यांच्या एका दंगलीत औषधं विकणारा एक माणूस भेटला होता. त्याने निळ्या झाकणाची बाटली हातात ठेवली. "विलायती ताकद हाय पैलवान. तीन महिन्यांत अंग असं भरन का लोक वळून पाह्यतीन." माझी तिशी उलटली होती. चांद्याच्या एका पैलवानाने मला लागोपाठ दोन वेळा पाडलं होतं. हरण्याची भीती मनात बसली की माणूस देवापेक्षा बाटलीवर लवकर विश्वास ठेवतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

अंग खरंच भरलं. खांदे रुंदावले, आखाड्यातले जोडीदार मागे सरू लागले. पण त्याच्याबरोबर दुसरंही काही येत होतं. पाठभर पुटकुळ्या उठल्या. घोट्यावर बोट दाबलं की खड्डा तसाच राही. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून एकदा मी ताट भिंतीवर फेकलं. माझी बायको वच्छला भिंत पुसत राहिली. आणि जे कोणालाच सांगण्यासारखं नव्हतं, तेही होत होतं. माझ्यातलं नवरेपण हळूहळू विझत चाललं होतं. लाजेने मी तिच्याकडे पाठ करून निजू लागलो. लग्नाला चार वर्षं झाली होती, घरात मूल नव्हतं, आणि मी तिला एक शब्दही सांगत नव्हतो.

मग डोळे पिवळे झाले. लघवी काळ्या चहासारखी, अंगाला अशी खाज की नखांनी रक्त निघावं. वैद्यबुवांनी काविळीची माळ गळ्यात घातली, तेल-तिखट बंद केलं. वस्तादांनी तालीम थांबवायला लावली. सगळ्यांनी विचारलं, काय खाल्लं, कुठलं पाणी प्यालास. मी प्रत्येकाला तेच उत्तर दिलं, काही नाही. चांद्याची दंगल जवळ आली होती आणि अंग उतरत चाललं होतं, म्हणून मी एका गोळीच्या जागी दोन घेऊ लागलो. मारुतीपुढे उभा राहिलो तेव्हा मनात आलं, हा आपल्याला शिक्षा करतो आहे. नंतर वाटलं, तो तिथे नाहीच, नुसता शेंदूर आहे. दोन्हींतलं कोणतं जास्त वाईट, ते मला ठरवता येईना.

वर्ध्याला डॉक्टरांकडे जातो, असं वच्छलेला सांगून मी निघालो आणि वर्ध्याहून चांद्याच्या बसमध्ये चढलो. जामच्या फाट्यावर चाक पंक्चर झालं. सगळे खाली उतरले. उन्हं तापली होती. मी कडुलिंबाच्या बुंध्याला टेकून दंड खाजवत बसलो. शेजारी पत्र्याच्या पेटीवर एक चाळिशीची बाई बसली होती. तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला, सुतळीने बांधलेला. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत होती.

"भाऊ, मी दवाखान्यात नर्स हाय," ती म्हणाली. "डोळे कवापासून पिवळे हायेत?"

"झाला महिना."

"औषध काही चालू हाय का?"

"नाई."

तिने माझ्या फुगलेल्या घोट्यांकडे पाहिलं, खांद्यांकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "मी तुमाले पकडाले विचारून नाई राह्यली. तुमी जे घेता, ते मले फक्त दाखवा."

महिनाभर मला सगळे काय खाल्लं ते विचारत होते. काय लपवतोस, हे कोणी विचारलं नव्हतं.  पिशवीच्या तळाशी धोतरात गुंडाळलेली बाटली मी काढली आणि तिच्या हातात दिली. तिने वरचं इंग्रजी वाचलं आणि डोळे मिटले.

"एका रोगानं वाळलेल्या माणसाले आमच्या डाक्टरसाहेबांनी ह्याच गोळ्या देल्ल्या होत्या. अंग भरलं त्याचं, पण तो असाच पिवळा पडला. साहेबांनी वळखलं, बंद केल्या, म्हणून वाचला. ह्या यकृत खातेत भाऊ. चांद्याले कुस्ती खेळाले चालले काय? तिथून घरी येसान का नाई, मले सांगता येत नाई."

बस तयार झाली. कंडक्टरने हाक दिली. ती वरोऱ्याला चालली होती, भाचीची हळद होती त्या दिवशी. तिने कंडक्टरला हात हलवून जायला सांगितलं. "हळदीले मी नसली तरी हळद लागन," ती म्हणाली आणि सरकीची पोती घेऊन वर्ध्याकडे जाणारा ट्रक तिने थांबवला. मला वर चढवताना तिने माझा दंड धरला, तेव्हा मला कळलं, त्या एवढ्या मोठ्या दंडात काहीच जोर उरला नव्हता.

वर्ध्याच्या दवाखान्यात तिने डॉक्टरांना सगळं समजावून सांगितलं, बाटली त्यांच्यापुढे ठेवली, आणि माझ्या घरी निरोप जाईपर्यंत बाकावर बसून राहिली. डॉक्टर म्हणाले, यावर वेगळं औषध नाही. गोळी थांबवायची, पडून राहायचं, वाट पाहायची. आयुष्यभर जोर लावण्याचं शिक्षण घेतलेल्या माणसाला यापेक्षा अवघड उपचार कोणता सांगणार?

दुसऱ्या दिवशी वच्छला आली. ती मला चमच्याने पेज पाजत होती. मी तिला सगळं सांगितलं, गोळ्यांचं, ताटाचं, पाठ करून निजण्याचंही. चमचा तिच्या हातात तसाच राहिला.

"काऊन नाई सांगतलं?" ती म्हणाली. "मले वाटे, मीच तुमाले नकोशी झाली."

तिने पदराने आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे. त्या घटकेला मला जे जाणवलं त्याला मी देवाचं दर्शन म्हणतो. कोणाला ते म्हणणं पटलं नाही तर माझी तक्रार नाही.

पिवळेपणा उतरायला दोन-अडीच महिने लागले, पुरतं बरं व्हायला वर्ष. खांदे पूर्वीपेक्षाही बारीक झाले. मूल आम्हाला झालं नाही. त्या गोळ्यांमुळे की आणखी कशामुळे, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. हे दुःख आम्ही दोघं मिळून वाहतो, एवढंच. त्या नर्सबाईंना पुढे भेटून वच्छलेने साडीचोळी दिली. बाई संकोचून म्हणाल्या, "म्या काय केलं? चाक बसलं, म्हणून तुमी दिसले."

वस्तादांपुढे मी गोळ्यांची कबुली दिली तेव्हा ते रागावले नाहीत.  म्हणाले, "हे सगळ्या पोरायले सांगजो. लाजू नको." मी सांगितलं, अजूनही सांगतो. ज्याला लवकर अंग हवं आहे त्याला मी माझे पिवळे डोळे सांगतो, वच्छलेचा प्रश्नही सांगतो.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी एकदाच मातीत उतरलो. समोर माझ्याच वयाचा एक जुना जोडीदार होता. त्याने सांभाळून, जवळजवळ मायेनेच, मला उचललं आणि चीत केलं. पाठ मातीला टेकली. माती थंड होती. वर आभाळ होतं, आणि डोकं मागे वळवलं तर मारुती उलटा दिसत होता. उठायची घाई मला वाटली नाही. त्याच्याकडे काही मागावं असंही वाटलं नाही. तसाच पडल्या पडल्या मी हात जोडले.