८०८५चं ‘एन्ड’

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सोलापूरच्या आमच्या कॉलेजात ८०८५ प्रोसेसरचं एकच किट होतं, तेही कपाटात, चादरीखाली. खंडेनवमीला ते पूजेपुरतं बाहेर यायचं आणि बटणांत हळदकुंकू घेऊन परत आत जायचं. आम्ही मात्र ‘ऑर्ग’, ‘एन्ड’ घोकत बसायचो. प्रोग्राम कुठून मांडायचा, कुठं संपला, हे असेंब्लरला, म्हणजे प्रोग्रामचे मशीनसाठी आकडे करणाऱ्या सॉफ्टवेअरला, सांगायच्या या सूचना. तो असेंब्लर कॉलेजात कुणाच्या बापानं बघितला नव्हता.

परीक्षेत माझा प्रोग्राम बरोबर होता, फक्त शेवटचं ‘एन्ड’ राहिलं. सरांनी अख्ख्या उत्तरावर लाल फुली मारली.

मी चिडून विचारलं, “सर, आपल्याकडं असेंब्लरच नाही की! मग ही सूचना द्यायची कुणाला?”

सर वर न बघता म्हणाले, “पेपर तपासणाऱ्याला.”