चिंचेशिवाय चमकलेला गुंड

"चिंच नाही, राख नाही. नुसतं नाल्याचं पाणी लावलं, अन् गुंड पाह्य कसा चमकून राह्यला!"

काकू शेजारणीला सांगत होती. राजूरकडच्या काकांच्या घरी मी सुट्टीला आले होते. ओसरीवर पुस्तक धरून बसले होते, ते मिटून मी पाणी भरायच्या त्या पितळी गुंडाकडे बघितलं.

"बाप्पा! मंग पाणी चांगलंच असंन," शेजारीण म्हणाली.

काकांचंही तेच मत. विहीर तळाला गेली होती. सकाळपासून मोटर लावून ते नाल्याचं पाणी विहिरीत सोडत होते. घरात पिण्यासाठी तेवढी एकच विहीर.

नाला कोळशाच्या खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगाऱ्याखालून येतो. त्या मातीत सोनेरी चमकणारे कण असतात, पायराइट. हवा आणि पाणी लागलं की त्यातल्या गंधकाचं आम्ल होतं, लोखंड पाण्यात उतरतं. गढूळपणा तळाशी बसून पाणी काचेसारखं दिसतं. चिंच पितळेला करते तेच हे पाणी करत होतं, फक्त कितीतरी जोरात. नाल्यात एक बेडूकही नव्हता.

पाण्यातलं आम्ल मोजायची कॉलेजची पट्टी मी नाल्यात बुडवून आणली; चांगल्या पाण्याला सातच्या आसपास येतं, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. "काका, तीन आलं," एवढंच म्हणाले.

"तीन? नापास केलं का बिचाऱ्याले?" काका हसले. "इंग्रजी शाळेत पाण्यालेही मार्क देतेत काय वं?"

सगळे हसले. पुढचं मला इंग्रजीतच येत होतं. मराठी शब्द जुळवता जुळवता काका शेताकडे निघून गेले. मोटर बंद करायला एक बटण दाबायचं होतं. मी आत जाऊन पडून राहिले.

मोटर दोन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी विहिरीच्या पायऱ्यांवर नारिंगी साय चढली होती. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यात मिसळल्यावर आम्ल थोडं उतरून लोखंड गंजासारखं बाहेर पडू लागलं होतं. पट्टी चारवर थांबली. विहीर उपसली तरी दगडांत, झऱ्यांत मुरलेलं कोण उपसणार? आणि नाला तर वाहतोच आहे, ढिगारा आहे तोवर वाहणार.

काकूने पाण्याचा पेला माझ्यापुढे धरला. "घे वं, थंड हाये. जरासं आंबूस लागते, नवं पाणी हाये म्हणून."

मी पेला खाली ठेवला.

"काकू, हे पाणी तुम्हीही पिऊ नका. मला परवाच माहीत होतं."