शनिवारी उपास, रविवारी गक्कड

मी जबलपुरात टिकले ती आमच्या घरमालक काकांमुळे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे त्यांच्या तऱ्हा वाचून कुणी हसेल आणि मूळ गोष्ट राहूनच जाईल. या शहरात काकांइतकं चवीनं खाणारा दुसरा कुणी नसेल, आणि खाण्याआधी इतका वेळ उपाशी उभा राहणाराही नसेल.

कारखान्यातून निवृत्त झालेले काका कुठल्याच दुकानात थेट शिरत नाहीत. समोर हात मागे बांधून कढईकडे बघत राहतात, मग दुकानदाराला विचारतात, “भैया, आज आपने खुद क्या खाया?” आपलंच खाल्लं म्हणाला तरच पुढचं बोलणं. मूगडाळीचे मंगोडे तळणारा एकजण खरं बोलला, की पित्तामुळे तळलेलं बंद आहे. काकांनी मंगोडे घेतले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्याला भाजलेला ओवा नेऊन दिला आणि तो कसा घ्यायचा ते गिऱ्हाइकांच्या देखत समजावलं. एका दुकानात एकच पदार्थ, तोही उभ्यानं. बसलं की पोट भरल्यासारखं वाटतं म्हणे.

मी नववीत शाळा सोडलेली. वर्ध्याकडच्या खेड्यातून येऊन बडा फुहारा चौकाजवळ शिवणाच्या दुकानात लागले. आई फोनवर एकच विचारायची, काय जेवलीस. मी घाबरून रोज वरणभात सांगायची, म्हणजे पोरगी उपाशी राहते हा तिचा संशय पक्का. शेवटी मला परत न्यायचं ठरवूनच ती शनिवार-रविवारसाठी आली. मला शिवण सोडायचं नव्हतं, पण तिच्यापुढं बोलायची छाती नव्हती. म्हणून काकांना सांगितलं.

“तू काहून भिऊन राहिली?” काका म्हणाले; बोली त्यांच्या घरीही आमचीच. “तुझ्या आईला दोन दिवस माझ्यासंगं खाऊ दे.”

शनिवारी सकाळी पहिल्याच दुकानापुढं, कढईतून पोहे उतरत असताना, आईनं सांगितलं की तिचा शनिवारचा उपास असतो. काळजीच्या भरात हे माझ्याही ध्यानात राहिलं नव्हतं. काकांनी स्वतःचाही उपास जाहीर केला आणि मला न विचारता माझाही. बेत मात्र बदलला नाही. तिघं उपाशी या दुकानातून त्या दुकानात हिंडलो. इथं कचोरी खाल्ली असती, तिथं चाट खाल्ली असती, असं काका सांगत होते. आईनं आधी नाक मुरडलं. मग विचारायला लागली, तेल कोणतं, चिंच कुठली, कोथिंबीर आजची का. दुपारपर्यंत तीच पुढं चालत होती.

खोव्याच्या जिलबीपाशी काका थांबले. यात मैदा नाही, खोवा आणि तिखूर नावाच्या कंदाचं पीठ, उपासाला चालतं, असं ते म्हणाले. आईचा विश्वास बसेना. ती सरळ हलवायाकडं गेली, पीठ बोटांत चोळून पाहिलं, वास घेतला. हलवाई शांतपणे म्हणाला, “माताजी, व्रतवाले रोज ले जाते हैं.” तिनं एक खाल्ली. मग दुसरी घेतली. काका मोठ्या सभ्यपणानं रस्त्याकडं बघत राहिले.

रविवारी नदीकाठी ग्वारीघाटावर गोवऱ्यांच्या निखाऱ्यांतून काढलेले कणकेचे गोल गक्कड आणि वांग्याचं भरीत समोर आलं.

“अवं, हे तर आपले रोडगे,” आई म्हणाली आणि तिथंच फतकल मारून बसली. काकाही बसले. त्यांना बसून खाताना मी पहिल्यांदा पाहिलं.

“भाऊ, पोरगी वाळली हो तुमच्या गावात,” आई म्हणाली.

“वाळली नाही जी ताई. माझ्यासंगं चालून चालून तशी दिसते.”

आई हसली. मग माझ्या ताटलीत अजून एक गक्कड मोडून त्यावर तूप सोडत म्हणाली, “मी उद्या एकटीच जातो. दर रविवारी हिला जेवू घालाल ना?”

काकांनी मान हलवली. तोंड भरलेलं होतं.

आता काकांचं गोड बंद झालंय आणि गुडघेही कुरकुरतात. रविवारी ते दुकानासमोरच्या कट्ट्यावर टेकतात, मला आत पाठवतात आणि परत आल्यावर बारीकसारीक विचारतात. कडा कुरकुरीत होत्या का, वेलची लागत होती का. मी सांगते, ते डोळे मिटून ऐकतात. एक दिवस माझं स्वतःचं दुकान होईल. तेव्हा काकांना आमच्या खेड्यात नेईन. तिथं एकही हॉटेल नाही. पण घरोघर हिंडवीन, आणि त्यांना सोसेल ते प्रत्येक चुलीवरचं त्यांच्यापुढं ठेवीन.