आत्या सांगेल तेव्हा

बेबीआत्या नव्या माणसाशी लगेच बोलत नसे. आधी त्याला ताटावर बसवी आणि तो जेवताना बघत राही. माझी बायको लग्न होऊन आली, तेव्हा आत्याने आम्हा सगळ्यांना बाहेर पिटाळलं, तिच्यासमोर पिठलं-भाकरी ठेवली आणि स्वतःही शेजारी जेवायला बसली. एक शब्द नाही. बायकोला वाटलं, सासर गेलं कामातून. उठताना आत्या म्हणाली, "ओळख पोटातून होते गं. तोंडाने नुसती भांडणं होतात."

हा नियम तिने कोंबड्यांकडून घेतला की कोंबड्यांना लावला, हे मला कधी कळलं नाही. नर्सची नोकरी संपल्यावर कात्रजच्या आमच्या घरामागे तिने चार-पाच गावठी कोंबड्या पाळल्या होत्या. त्यांची म्होरकी काळी, भांडकुदळ, नाव मामलेदारीण. शेजारचे एकदा तक्रार घेऊन आले, "तुमची कोंबडी आमच्या अंगणात येते." आत्या म्हणाली, "अंडं सापडलं तर परत करा."

मधूनमधून ती पंख फुटलेली नवी पिल्लं आणी. थेट सोडली, तर जुन्या कोंबड्या टोचून टोचून त्यांचा जीव घेतात. म्हणून परसाच्या मधोमध पिल्लांवर बांबूचं डालगं पालथं घालायचं, वर दगड, आणि दाणे कडेकडेने आत-बाहेर दोन्हीकडे टाकायचे. फटींतून एकमेकींना बघत दोन्ही पंगती जेवत. मामलेदारीण आधी डालग्यावरच चोची मारी. एके दिवशी ती मुकाट दाणे टिपू लागे. मग खिडकीतून आत्याची हाक येई, "उचल रे!" उचलायचं काम माझं. पायजमा खोचून, मान शक्य तितकी मागे ठेवून मी ते करी. "बँकेत साहेब, कोंबडीपुढे शिपाई," असं आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

गेल्या वर्षी तिचं हृदय थकलं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, आणि ही पिशवीत पिल्लं घेऊन घरी आली.

"आत्या, आता कशाला हा व्याप?"

"जुन्या किती पुरणारेत? मी नसले तरी परसात कुणीतरी चिवचिवलं पाहिजे. नाहीतर तू तिथे स्कूटर लावशील."

मी खरोखरच लावली असती.

चार दिवसांनी तिला दवाखान्यात हलवावं लागलं. रिक्षात बसताना धाप लागली होती, तरी म्हणाली, "मी सांगितल्याशिवाय डालगं उचलू नकोस. काळीने अजून डूख धरलाय."

दवाखान्यातून तिने व्हिडिओ कॉल लावला. मी फोन डालग्यापाशी धरला.

"अरे, तुझ्या पायाचा अंगठा बघायला फोन नाही केला. खाली धर."

धरला. ती बराच वेळ बघत होती. मामलेदारणीने डालग्यावर एक चोच हाणली.

"अजून नाही," आत्या म्हणाली. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या गेली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. मी रोज कडेकडेने दाणे टाकत होतो. मामलेदारणीने चोच मारायचं केव्हाच सोडलं होतं. पिल्लं वाढली, त्यांच्या पाठी डालग्याला घासू लागल्या. मी दगडाला हात लावत नव्हतो. दाणे टाकून झाले की खिडकीकडे बघायचो आणि आत यायचो.

एका सकाळी बायको मागच्या दारात येऊन उभी राहिली. "अहो, उचला आता. गुदमरतील ती."

"आत्या म्हणाली होती..."

"आत्या नाही हो सांगायच्या आता." आणि तिलाच रडू फुटलं.

मी डालगं उचललं. मामलेदारणीने मान वाकडी करून पिल्लांकडे पाहिलं आणि ती दाणे टिपत राहिली. कुणी कुणाला टोचलं नाही. पण मातीत डालग्याचा गोल उमटला होता, आणि पिल्लं त्या गोलातच दाटीवाटीने उभी होती. समोर सगळं परस मोकळं पडलेलं, तरी एकही बाहेर पाय टाकीना.

मीही डालगं हातात धरून तिथेच उभा राहिलो, खिडकीकडे बघत.