पाटी पालथी घालणारे नारोपंत

नारोपंतांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा माझ्या हातात त्यांची जागा काढून घेणारं पत्र होतं. गौरवाच्या पुस्तिकेत असं काही लिहू नये म्हणतात. पण पंतोजींची साठी साजरी करायची आणि मूळ गोष्टच गाळायची, हे खुद्द पंतोजींनाच चालणार नाही. तेव्हा लिहितो.

कापसाची तेजी ऐन भरात होती. अमरावतीच्या रस्त्यांवर सकाळपासून गाड्यांची रांग लागायची, आणि शाळेच्या ओसरीत कापसाचे पुंजके असे उडत यायचे की मुलांच्या डोक्यावर बसून राहायचे. मी अकोल्याचा, पुण्याला कॉलेजात शिकून नुकताच परतलेला. पत्र दिलं. नारोपंतांनी ते उभ्याउभ्या वाचलं, टेबलावर पालथं घातलं आणि मला म्हणाले, "बसा. आता यात काय लिहिलंय, ते तुमच्या शब्दांत सांगा."

मी अडखळलो. म्हटलं, "महिन्याभरानं शाळा तपासणारे डेपुटी साहेब येतील. मुलांना शब्दांतली उदाहरणं घालतील. मुलं कसोटीला उतरली तर आपण राहाल. नाही उतरली तर... जागा मला."

"बरोबर. पत्र तुम्हाला समजलंय," नारोपंत म्हणाले. "चला आता जेवायला."

त्या दिवशी त्यांच्या घरी मी पोटभर भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली. ज्यांच्या जागेवर आलो त्यांच्याच पंगतीला! वहिनींनी वाढताना विचारलं, "हे कोण?" तर नारोपंत म्हणाले, "आपल्या शाळेत आलेत. शिकायला का शिकवायला, ते कळेल महिन्याभरात."

आता त्यांच्या शिकवण्याविषयी. पाढे पाठ करून घेणारे पंतोजी वऱ्हाडात खूप होते. पण सरकारी शाळांच्या नव्या पुस्तकांत गोष्टीसारखी उदाहरणं आली आणि सगळ्यांची गाडी अडली. "एका माणसाजवळ इतकं होतं, त्यातलं इतकं दिलं" असं सुरू झालं की मुलं घाबरून समोर दिसतील ते दोन आकडे धरायची आणि त्यांचा गुणाकार करून मोकळी व्हायची. पंतोजी लोकही मुलांना सांगायचे की 'एकूण' दिसलं की मिळवा, 'उरले' दिसलं की वजा करा.

नारोपंतांनी एकच नियम केला. उदाहरण ऐकलं की पाटी पालथी. खडूला हात नाही. आधी गोष्ट सांगायची, आपल्या घरच्या बोलीत. कोण आहे, त्याच्याजवळ काय आहे, तो काय करून राहिला आणि विचारतोय काय. हे धड सांगता आलं की मगच पाटी सरळ. उत्तर आलं तरी नारोपंत बरोबर-चूक म्हणत नसत. "मला काय विचारतोस? गोष्टीत परत बसवून पाह्य," एवढंच.

माझा शाळेतला दुसराच दिवस. उदाहरण असं होतं, की बापाचं वय लेकाच्या चौपट आहे. बाप अठ्ठेचाळीस वर्षांचा, तर लेक केवढा? किसन नावाचा एक कुणब्याचा पोरगा घाईनं पाटी सरळ करून बसला आणि ओरडला, "एकशे ब्याण्णव!"

नारोपंत हसले नाहीत. अगदी काळजीनं त्यांनी विचारलं, "बरं. मग त्या लेकाचं लग्न झालं का रे?"

वर्गात हशा फुटला. "पंतोजी, त्याले काठी लागत असन जी!" मागून कोणी म्हणालं. किसन स्वतःच इतका हसला की पाटी मांडीवरून पडली. मग उचलून, पालथी घालून, गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागला. बारा वर्षं यायला त्याला फार वेळ लागला नाही.

मला मात्र हे सारं गावंढळ वाटत होतं. गणित काय आणि 'माहा बाप' काय! पण नारोपंत ढिले होते असं कोणी समजू नये. एकदा गाडीवर कापसाचे सात-सात बोजे भरण्याचं उदाहरण होतं. किसन म्हणाला, "सात कावून? माहा बाप त आठ टाकते."

"तुझा बाप टाकत असेल. या गोष्टीतला गाडीवान सातच टाकतो," नारोपंत ठामपणे म्हणाले. "गोष्टीत जे सांगितलं ते मोडायचं नाही, जे नाही सांगितलं ते घुसडायचं नाही. घरची गाडी घरी."

आणि घरच्या गाडीचंही सांगतो. कापसाच्या वेचणीला जोर आला, तशी मुलं एकेक करून गळायला लागली. किसनाचे वडील गणूजी दारात येऊन उभे राहिले. "पंतोजी, पोट्टं मले गाडीवर पायजे. बोजे पडते वाटेत, मागं नजर ठेवाले कोनी नाई."

"परीक्षेपर्यंत राहू द्या, गणूजी."

"अन् तवरोक गाडीवर कोन बसन? तुमी?"

"बसतो की," नारोपंत म्हणाले.

गणूजींना वाटलं थट्टा आहे. पण बाजाराच्या दिवशी वर्ग माझ्यावर सोपवून, डोक्याला पागोटं, अंगात बाराबंदी, असे आमचे पंतोजी कापसाच्या बोज्यांवर बसून बाजारापर्यंत जाताना साऱ्या अमरावतीनं पाहिले. लोक हसले. किसनाची शाळा चालू राहिली.

मग डेपुटी साहेब आले. प्रश्न काढायचं आणि उत्तरांचा कागद करायचं काम त्यांच्या कचेरीनं, कॉलेजात शिकलेला म्हणून, माझ्यावर टाकलं होतं, आणि नारोपंतांना प्रश्न सांगायचे नाहीत असा हुकूम होता. मी पाळला. साहेबांनी खड्या आवाजात वाचलं, "एका शेतकऱ्याला चौपन्न बोजे कापूस बाजारात न्यायचा आहे. एका गाडीवर सात बोजे राहतात. तर किती गाड्या लागतील?"

खट्, खट्, खट्! बावीस मुलांनी बावीस पाट्या पालथ्या घातल्या आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटू लागली.

साहेब चमकले. "हे काय? लिहायला नाही म्हणतात की काय ही?"

"गोष्ट सांगताहेत, साहेब. लिहितील," नारोपंत म्हणाले.

लिहिलं. साहेब रांगेतून कागद बघत निघाले. पहिल्या पाटीवर आठ. "चूक." दुसरीवर आठ. "चूक." तिसरा किसन. "चूक."

किसन उभा राहिला. "चुकलं कावून, साहेब?"

"सात गाड्या, बाकी पाच बोजे. हे उत्तर आहे."

"मंग ते पाच बोजे कोन नेन?"

"बाकी म्हणजे बाकी! बस खाली."

उत्तर माझं होतं. सातानं भागलं, बाकी मांडली, कागद दिला. पुण्यात याला शाबासकी मिळाली असती. आणि इथे त्या कागदावर एका माणसाची जागा टांगलेली होती. मी बोलायला उठणार, तेवढ्यात नारोपंत पुढे झाले.

"साहेब, मुलांना जे सांगतो तेच आपल्याला सांगायची परवानगी आहे का?"

"बोला."

"तो कागद जरा पालथा ठेवा. आणि गोष्ट आपल्या शब्दांत सांगा."

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण माणूस सरळ होता; त्यांनी कागद पालथा ठेवला. "एक शेतकरी आहे. त्याचे चौपन्न बोजे. एकेका गाडीवर सात भरले. सात गाड्या भरल्या, एकोणपन्नास बोजे बाजारात पोचले. आणि पाच..."

त्यांनी पालथ्या कागदाकडे पाहिलं.

"पाच रानातच पडले," ते हळूच म्हणाले.

"ढोरं खाऊन टाकतीन, साहेब," किसनानं मदत केली.

साहेब जे हसत सुटले! "आठ. अरे, आठच गाड्या पाहिजेत की! हे उत्तर लिहिलं कोणी?"

मी मान वर करायच्या आत नारोपंत म्हणाले, "आमच्याच शाळेतला आहे एक. शिकतोय अजून. तयार होईल."

उरलेल्या पाट्या तपासल्या. त्यांतल्या सोळा पाट्यांवर आठ होते. इतर उदाहरणंही मुलांनी तशीच गोष्टी सांगत सोडवली. जाताना साहेबांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं, की पंतोजी आहेत तिथेच राहतील, आणि या शाळेत पाट्या पालथ्या का घालतात, हे दुसऱ्या मास्तरांनी येऊन पाहावं. मला त्यांनी पंतोजींच्या हाताखाली नेमलं.

शाळा सुटल्यावर मी माफी मागायला गेलो. नारोपंत ओसरीवरचा कापूस झाडत होते. म्हणाले, "तोंड कशाला पाडता? भागाकार बरोबर होता तुमचा. फक्त गाडी पाहिली नव्हती तुम्ही." दुसऱ्या दिवशी सकाळी मला बाजारात नेऊन उभं केलं आणि एक गाडी पहिल्या बोज्यापासून शेवटच्या बोज्यापर्यंत भरताना दाखवली. एका शब्दानंही टोमणा मारला नाही. तेव्हापासून मी काही लिहायला बसलो की आधी गोष्ट तोंडानं सांगून पाहतो. जिथे जीभ अडते, तिथे माझं चुकलेलं असतं. हा लेखही असाच आधी सांगितला, मग लिहिला.

आता तेजी ओसरली आहे. रस्त्यावरच्या गाड्या कमी झाल्या, कापसाबरोबर आलेली माणसं कापसाबरोबर गेली. शाळा भरलेली आहे. किसन अकोल्याला धाकट्या वर्गाला शिकवतो. या पुस्तिकेसाठी काही लिही म्हटलं, तर त्यानं निरोप धाडला, "लिवाले वेळ नाई. पंतोजीले एवढंच सांगजा, एकशे ब्याण्णववाला पोट्टा अजून पाटी पालथीच घालून राह्यला."

नारोपंतांना साठ वर्षं पुरी झाली. दात शाबूत, आवाज खणखणीत, आणि गणूजींच्या गाडीवर आजही कोणाचा हात न धरता चढतात. पुढची किती वर्षं, असं कोणी विचारलं तर आम्ही सगळे मिळून पाट्या पालथ्या घालू आणि सरळ करणार नाही. ज्या जागेसाठी मी ते पत्र घेऊन आलो होतो, ती शाळेच्या ओसरीतल्या माझ्या कोपऱ्यातून मला रोज दिसते. पंतोजी, ती जागा मला मिळण्याआधी माझे केस पांढरे होऊ द्या, आणि तेव्हाही तुम्ही तिच्यावर बसून मला म्हणा, बसा, आता तुमच्या शब्दांत सांगा.