पहिल्या पपईचा लिलाव

आमच्या ख्रिस्ती देवळातला कापणीचा सण म्हणजे डोळे मिटून गप्प बसायचा दिवस, असं कोणाला वाटत असेल तर त्यानं एकदा येऊन बघावं. उपासना संपली, आशीर्वाद झाला की वेदीपुढे ठेवलेलं सगळं बाहेर अंगणात येतं आणि लिलाव सुरू होतो. नवे तांदूळ, कोहळे, अंडी, पाय बांधलेले कोंबडे. गंमत अशी की बोलीत घेतलेली वस्तू लगेच घरी नेणाऱ्याला आमच्यात जरा कंजूसच समजतात. पैसे भरायचे, वस्तू परत टेबलावर ठेवायची आणि पुन्हा बोली लागू द्यायची. एकच कोहळा तीन-चारदा विकला जातो आणि दरवेळी माणसं तितक्याच जोरानं ओरडतात.

त्या वर्षी माझा जीव एका पपईत अडकला होता.

बाबा काविळीतून उठले होते, पण तोंडाची चव पार गेली होती. आई पेज करायची, मुगाचं वरण करायची. दोन घास झाले की ते ताट सरकवायचे. जवाहरनगरच्या फॅक्टरीत असताना स्वतःचा डबा संपवून दुसऱ्याच्या डब्यात हात घालणारा माणूस, त्याच्या मनगटाची हाडं दिसायला लागली. औषधाचं काम झालं, आता पोटात अन्न गेलं पाहिजे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी घाबरले होते, सरळ सांगते.

आणि त्यांना खावंसं वाटत होतं ते एकच, अंगणातल्या झाडाची पपई. झाड त्यांनीच लावलेलं, आणि लावतानाच पहिलं फळ देवाला देईन असं बोलून बसलेले. आता नेमकं तेच पिकलेलं, बाकीची हिरवीगार. तोंडानं काही म्हणायचे नाहीत, खिडकीतून नुसते बघत राहायचे. अड्याळच्या बाजारातून मी चांगली मोठी पपई आणली, तर एक फोड चाखून म्हणाले, हा तर भोपळा आहे. शेवटी मी चाकू घेऊन झाडाकडे निघाले, देवाला दुसरी देऊ म्हटलं, तर इतके दिवस पडून असलेले बाबा ताडकन उठून बसले.

"देवाले देलं ते देलं. हात नको लावू तिले."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण मग डोक्यात आलं, लिलावात घेतलेली वस्तू तर घेणाऱ्याची! नाताळच्या साडीचे पैसे पर्समध्ये टाकले, रविवारी पपई वेदीपुढे नेऊन ठेवली आणि लिलावाला सगळ्यांत पुढे जाऊन उभी राहिले.

अडचण एकच होती, काका. बाबांचे फॅक्टरीतले जोडीदार, लिलावातले आमचे मोठे खट्याळ. कोणी बोली लावली की हे चढवणारच. चष्म्याची एक दांडी तुटलेली, तिथे दोरा बांधलेला. नवा चष्मा घ्यायला पाकिटात पैसे बाजूला ठेवलेत, हे सगळ्या मंडळीला सांगून झालेलं.

पाळकांनी पपई उचलली. मी बोलले. काका चढले. मी पुन्हा बोलले, ते पुन्हा चढले. लोकांना तर चेव आला, टाळ्या, शिट्ट्या! कारण सांगून टाकावं तर देवाच्या फळावर बाबांचा जीव आहे हे चारचौघांत व्हायचं, ते मला नको होतं. माझी साडी संपली आणि काकांनी आणखी एकदा चढवून पपई घेतली. खिशातून तेच चष्म्याचं पाकीट काढलं. आता परत ठेवतील म्हणून मी टेबलाजवळ सरकले. सगळे ओरडत होते, ठेवा, परत ठेवा. काकांनी पपई छातीशी धरली, सायकलला टांग मारली आणि गेले.

मी रडत, मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोलत घरी आले. दारात त्यांची सायकल! आत काका पपई कापून बसलेले आणि बाबा मान फिरवून म्हणत होते, हे देवाचं आहे, मी खाणार नाही.

"देवाचं होतं," काका म्हणाले. "म्या त्याच्यापासून घेतलं, आता माह्यं आहे. अन् मी तुले देऊन राहिलो."

बाबांची मान हळूच फोडींकडे वळली. मी दारातूनच बोलले, "काका, मीसुद्धा बाबांसाठीच बोली लावत होते."

त्यांनी दोऱ्याचा चष्मा सावरून माझ्याकडे पाहिलं. "मंग सांगितलं काहून नाही वो पोरी? मी काल आलो तं हा बोले माझ्याशी अन् पाहे त्या पपईकडे."

आई आधी हसली, मग मी, मग काका इतके हसले की चष्मा निसटून मांडीवर पडला. नवा आता कसा घेणार, हे मी विचारणार होते. पण बाबांचं आमच्या कोणाकडे लक्षच नव्हतं. रस कोपरापर्यंत ओघळत होता. त्यांनी रिकामी बशी आईपुढे धरली आणि म्हणाले, "आणखी दे."