बिनआवाजाची फेरी

प्रभुलिंगच्या दारात ती गाडी पहिल्यांदा येऊन उभी राहिली तेव्हा सोलापूरच्या बाळीवेशीतल्या त्या बोळानं तिला गाडी म्हणायचंच नाकारलं. समोरच्या मल्लिकार्जुनची जीप बोळाच्या तोंडाशीच अडकायची, म्हणून ती कायम चौकात उन्हात तापत उभी. तो कमरेवर हात ठेवून या नव्या गाडीभोवती हिंडला, दोन ठिकाणी बोटानं वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "काका, ही गाडी हाय का कपाट? कपाटाला चाकं लावून आणलंय की तुमी."

बायका हसल्या. प्रभुलिंग हसला नाही आणि चिडलाही नाही. एरवी त्यानं मल्लिकार्जुनच्या जीपला म्हशीची उपमा देऊन हिशेब चुकता केला असता. त्या दिवशी तो नुसता दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. कुणी आपल्याबद्दल बोलतंय की शेजारच्या घराबद्दल, याचा त्याला पत्ताच नव्हता जणू.

गाडी धनलक्ष्मीनं, त्याच्या पुण्यातल्या लेकीनं घेऊन दिली होती. पुढं दोन माणसं बसतील एवढी जागा, मागं चौकोनी डबा. डिझेल नाही, धूर नाही, गिअर नाही. फ्रिजशेजारच्या प्लगातनं वायर खिडकीबाहेर काढायची आणि मोबाईल लावतात तशी गाडी लावायची, सकाळी ती भरलेली. लेकीनं मात्र यातलं काहीच बघितलं नव्हतं. तिनं बघितली होती ती सीट. "अप्पा, आई घरात ज्या खुर्चीवर बसते ना, तेवढीच उंच आहे. मी टेप घेऊन गेले होते," असं तिनं फोनवर सांगितलं.

कारण त्याची बायको चन्नम्मा आता नेहमीच्या जुन्या टेंपोत चढू शकत नव्हती. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेच्या तोंडावर, चुलीपुढं बसल्या बसल्या ती एका अंगावर कलंडली. शेजारी भाकरी थापणाऱ्या निंगव्वाला वाटलं, अक्का पिठाच्या डब्याला हात घालतीय. तेवढ्यात तव्यावरची भाकरी करपली आणि तरीही अक्कानं ती उलटली नाही, तेव्हा कुठं कळलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. पाय थोडा परत आला. बोलणं आलं नाही.

आणि चन्नम्माचं बोलणं म्हणजे काही साधंसुधं बोलणं नव्हतं. या घराची सगळी कडक भाकरी त्या तोंडावर विकली जायची. कितीतरी वर्षं दोघांची रोजची फेरी होती. डिझेलच्या टेंपोचं फटफट फटफट दोन बोळ आधीच ऐकू यायचं. तेवढ्यात बायका हातातलं काम टाकून, पदर सारखा करून, डबा शोधून दारात यायच्या. टेंपो थांबला की चन्नम्मा बसल्या जागेवरनं हाक द्यायची, "रोट्टी बंदाव रीऽऽ, भाकरी आलीऽऽ, शेंगा चटणी घ्याऽऽ," निम्मं कानडी, निम्मं मराठी. शिवाय कुणाच्या सुनेला कितवा महिना, कुणाच्या पोराचं लग्न मोडलं, याची चौकशी फुकट. प्रभुलिंग या सगळ्यात स्टिअरिंग धरून समोर बघत बसायचा. हात तुमचे, तोंड माझं, असं ती म्हणायची, आणि त्या वाटणीत त्याला कधी काही कमी वाटलं नव्हतं.

आता तो सगळं करत होता. सकाळी तिला उठवायचा, वेणी घालायचा, भात कालवून भरवायचा. गाडीत बसवून व्यायामाच्या दवाखान्यात न्यायचा. तिथली पोरगी तिच्या बोटांना टाचणी लावून विचारायची, कळतंय का आजी? चन्नम्मा मान हलवायची. कळत नाही. प्रभुलिंग भिंतीवरच्या तक्त्यातला हाडांचा सापळा बघत बसायचा. एकदा तवा उतरवताना त्याचं बोट चांगलंच भाजलं. ते त्याला संध्याकाळी, फोड फुटून सदऱ्याला पाणी लागलं तेव्हा समजलं. लोक म्हणत, प्रभूअण्णानं फार धीरानं घेतलं. त्याला धीरबीर काही ठाऊक नव्हतं. आतून काही येतच नव्हतं, तर आवरायचं काय?

बोळाला मात्र आठ-पंधरा दिवसांत त्या कपाटाची चटक लागली. मोठ्या गाड्या जिथं तोंडही घालू शकत नव्हत्या तिथं हे आत जात होतं, आणि निघताना मागं मागं येत सरळ चौकात. गाडी संध्याकाळी दारात लागली की कुणीतरी उंबऱ्याशी येऊन उभं. दळण तेवढं टाकता का, सिलिंडर संपलाय, पाण्याचे जार आणायचेत, शिलाई मशीन दुरुस्तीला न्यायचंय. चार दिवसांआड येणारं नळाचं पाणी चुकलं की जारसाठी रांगच. डिझेलचा खर्च नाही म्हटल्यावर सांगणाऱ्यालाही भीड वाटेना. शेवटी खुद्द मल्लिकार्जुन आला. त्याच्या सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, जीपची पायरी तिला चढवेना. "काका, ते कपाट उघडता का वाईच, सासू ठेवायची हाय," म्हणाला. प्रभुलिंगनं सासू नेली, सासू आणली. येताना तिच्याबरोबर दळणही आणलं. बोळात सगळे म्हणू लागले की घरात अशी एक पाहिजेच. दोघांनी तर कुठं मिळते, हप्ता किती, याची चौकशीही केली.

थोडक्यात, ती गाडी सगळ्यांच्या कामाला आली. जिच्यासाठी दारात उभी राहिली ते काम तेवढं होईना.

दवाखाना उरकला की प्रभुलिंग चन्नम्माला तशीच शेजारी बसवून फेरीला निघायचा. जुळे सोलापूरच्या त्याच वसाहती, तीच दारं. गाडी बोळात शिरायची, नेहमीच्या लिंबाखाली थांबायची. प्रभुलिंग समोर बघत बसायचा. चन्नम्मा समोर बघत बसायची. वर एखादी बाई कपडे वाळत घालताना दिसायची, खाली बघायची आणि हात जोडल्यासारखं करून आत जायची. थोडा वेळ थांबून गाडी पुढं निघायची. कधी एखादं पाकीट जायचं, कधी तेही नाही.

भाजी असती तर सडली असती, दूध असतं तर नासलं असतं, आणि वासानं तरी घराला जाग आली असती. कडक भाकरी काही होत नाही. महिनाभर तशीच राहते, पापडासारखी. म्हणून ती परत यायची आणि पत्र्याच्या डब्यात जायची. डबे भरले, मग पेट्या भरल्या, मग देवघराशेजारचा कोपरा भरला. प्रभुलिंग रोज नीट रचून ठेवायचा, वर फडकं टाकायचा. आपलं काही चुकतंय असं त्याला वाटलं नाही. कारणही त्यानं शोधून ठेवलं होतं. चन्नम्माचा हात भाकरीला लागत नाही, हे लोकांच्या जिभेला कळलंय. किंवा दुखणं असलेल्या घरचं खायला लोक कचरतात. दोन्हीतलं कुठलंही असलं तरी वाईट वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं.

मंगळवारी निंगव्वानं फडकं उचललं. बराच वेळ तिनं तो कोपरा पाहिला, मग फडकं पुन्हा नीट टाकलं. तिच्या हाताखाली आणखी दोघी थापायला यायच्या. टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायला बायका हव्या होत्या, त्या दोघींना निरोपही आला होता. ती ओरडली नाही. चुलीपुढची राख सावडत म्हणाली, "अण्णा, शुक्रवारी ज्वारी दळायला टाकायची. टाकू का नको, तेवढं सांगा. नको असंल तर तसं सांगा. पोरी तिकडं लागतील, मीबी जाईन. पन अक्काची चूल हाय, मी हून बंद करनार न्हाय."

प्रभुलिंग बघू म्हणाला. चन्नम्मा खुर्चीत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती त्याच्याकडं बघत राहिली, आणि तो गाडीची वायर गुंडाळू लागला.

दुसऱ्या दिवशी फेरीच्या तिसऱ्या बोळात बजाबाई रस्त्याच्या मधोमध उभी होती. बजाबाई सांगोल्याकडची, मेंढरांमागं जन्म गेलेली, म्हातारपणी लेकाच्या फ्लॅटमध्ये येऊन पडलेली. हातात स्टीलचा डबा. प्रभुलिंगनं गाडी वळवून घ्यावी म्हणून डावीकडं घेतली तर ती डावीकडं सरकली. ब्रेक दाबला तेव्हा गाडीचं नाक तिच्या लुगड्याला टेकलं होतं.

"आरं थांब की," ती म्हणाली. "कवाधरनं बगतीया. भावाकडं जायाचंय मला, भाकरी न्यायची हाय. दुकानातली कसली ती, पुठ्ठ्यावानी."

प्रभुलिंग म्हणाला, मग आजवर हाक का मारली नाही.

बजाबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की जणू त्यानं जेवायच्या ताटात चप्पल ठेवली. "दवाखान्याला निगाल्याल्या मान्साला मागनं हाक मारत्यात व्हय? म्हनून तर म्होरं येऊन हुबी ऱ्हायले."

त्याला पटकन समजलं नाही. तिनं मग डब्यानंच चन्नम्माकडं दाखवलं. सगळी वसाहत रोज बघतेय, म्हणाली. गाडी कधी येते कळत नाही, बघावं तर लिंबाखाली उभी, पुढच्या सीटवर आजारी बाई. बायकांना वाटतं, बिचारे दवाखान्याला चाललेत, बाईला बरं वाटेना म्हणून घटकाभर सावलीला थांबलेत. अशा वेळी भाकरी दे म्हणून कोण आडवं जाईल? कुठं निघालात हेसुद्धा विचारू नये माणसानं. वरच्या मजल्यावरची तर गाडी दिसली की हात जोडून, बाईला गुण येऊ दे, म्हणून आत जाते.

"दवाखाना सकाळीच उरकतो," प्रभुलिंग म्हणाला. "ही फेरीच हाय."

"मग कुनाला सपान पडायचं? गाडी बोलत न्हाय. ही बोलत न्हाय. तू तर जन्माचाच मुका." एवढं बोलून बजाबाईनं खिडकीतनं हात घातला आणि चन्नम्माच्या तोंडावरनं फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मग डबा पुढं केला. "दहा घाल. चटनी येगळी दे."

तेवढ्यात शेजारच्या फाटकातली मास्तरीणबाई बाहेर आली होती. तिनं हळू आवाजात सुचवलं की वहिनींना घरी ठेवून येत जा, म्हणजे लोकांचा गैरसमज होणार नाही. चांगल्या मनानं म्हणाली. प्रभुलिंगनं भाकऱ्या मोजता मोजता त्याचा विचार केला. घरी ठेवायचं म्हणजे खुर्ची, भिंत आणि पंखा. इथं निदान ती बघते तरी. गाडी विजापूर रोड सोडून वसाहतीकडं वळली की डाव्या हातानं पदर नीट करते. दिवसभरात तेवढंच एक ती आपल्या आपण करते.

"न्हाय," तो म्हणाला. "ती येनार."

म्हणजे मग ओरडायला हवं. हे त्याला अगदी सरळ दिसलं, पुढं खड्डा दिसावा तसं. शुक्रवारी दळण जाणार की बायका टॉवेलला जाणार, ते आता त्याच्या गळ्यावर होतं. त्यानं गाडीचं दार उघडलं आणि एक पाय खाली ठेवून उभा राहिला. बजाबाई आणि मास्तरीणबाई त्याच्याकडं बघत होत्या. दोन कुत्री बघत होती. तोंड उघडलं तर नुसता वारा आला. घसा खाकरला. साठीच्या माणसानं भर दुपारी रस्त्यावर काय म्हणून ओरडायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवणारी शेजारी बसली होती.

"भाकरी," तो म्हणाला. ती हाक नव्हती, पंगतीत मीठ मागावं तसं होतं ते.

"ह्या आवाजानं मेंढरू तरी वळंल का?" बजाबाई म्हणाली.

त्यानं पुन्हा दम घेतला. "भाकरी आलीऽऽ. कडक भाकरीऽऽ."

आवाज चिरका निघाला, मध्येच फुटला. कुत्रं उठून लांब गेलं. वर कुणीतरी खिडकी उघडली. आणि तेवढ्यात त्याच्या पाठीत थाप बसली. चन्नम्मा सीटवरनं वाकून डाव्या हातानं त्याला मारत होती. त्याला वाटलं, पाणी हवंय, पाय अवघडला. बाटली पुढं केली तर तिनं ती ढकलली. तोंड वाकडं करून, डोळे मोठे करून ती मागच्या डब्याकडं हात करत होती आणि पुन्हा मारत होती. ती रागावली होती. त्या राखेसारख्या महिन्यांत पहिल्यांदाच ती त्याच्यावर धडधडीत रागावली होती.

"चटनी म्हन की मुडद्या," बजाबाई म्हणाली. "चटनी राह्यली."

"शेंगा चटणीऽऽ," प्रभुलिंग ओरडला.

चन्नम्मा मागं टेकली.

लोंढा आला असं काही नाही. चार-पाच बायका आल्या. वरच्या मजल्यावरची धावत खाली आली आणि अहो आम्हाला काय माहीत, म्हणून तेच तेच सांगू लागली. एकीनं भाकरी घेतली नाहीच, पण गाडी आत वाकून पाहिली आणि चार्जिंग किती वेळ टिकतं ते विचारलं. दोघींनी चन्नम्माचा हात धरून ठेवला. कुणीतरी, उद्या येणार का, विचारलं. प्रभुलिंग हो म्हणाला. आनंद झाला का, तर तसं काही नाही. घसा मात्र दुखत होता. हे दुखणं त्याचं स्वतःचं होतं, ते त्याला कळत होतं.

तिथनं निघायच्या आधी त्यानं निंगव्वाला फोन लावला. दळण टाक म्हणाला. मग कोपऱ्यातली ती रास डोळ्यांपुढं आली, तेव्हा म्हणाला, "अर्धंच टाक. आधी घरातल्या संपू दे." पलीकडून निंगव्वानं, पोरींना काय सांगू, विचारलं. एकीला थांबव म्हणाला, दुसरीला जाऊ दे. पुढचं पुढच्या महिन्यात.  बरं अण्णा, निंगव्वा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

गाडी निघाली तशी कुणाला कळली नाही. पुढच्या बोळात पिंपळाच्या पारापाशी त्यानं ती उभी केली, दार उघडलं, एक पाय खाली ठेवला. दुसऱ्या वेळी सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. रस्ता तसाच रिकामा, आणि शेजारी चन्नम्मा डोळे वटारून त्याच्या तोंडाकडं बघत बसलेली. त्यानं हाक मारली.